दोन मिस्ड कॉलची वाट

केबलच्या धंद्यात माझा भागीदार म्हणजे माझा साळा. गोंदिया मी सांभाळायचो, दवनीवाडा तो. कोणत्या गावात कोणत्या नंबरवर काय दिसेल, हे सारं सर्व्हरमधल्या एकाच फाइलीत लिहिलेलं असे आणि ती दोघांच्याही कॉम्प्युटरवर उघडायची. दोघांनी एकदम हात घातला, तर नंतर सेव्ह करणाऱ्याचं राहायचं, आधीच्याचं पुसलं जायचं. म्हणून आम्ही ठरवलं होतं, एक मिस्ड कॉल म्हणजे फाइल घेतली, दोन म्हणजे सोडली. बोलावं लागत नसे. साळ्याशी कमी बोललेलंच मला बरं वाटे. जावई असल्याचा माज, दुसरं काय!

त्या दुपारी त्याचा एक मिस्ड कॉल आला. पुढचे दोन काही येईनात. इकडे क्रिकेटचा चॅनल दुसऱ्या नंबरवर टाकायचा होता आणि बाजारातले शेठ फोनवर फोन करत होते, "भैया, मैच कब दिखेगा?" माझं डोकं फिरलं. साळ्याला फोन लावला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"भाऊजी, फाइल माह्याजवळ हाये. शाळेत पोरीचा प्रोग्राम होऊन राहिला. थोडं थांबा, आईले..."

"फाइल तुह्या बापाची हाये का?" म्हणत मी फोन आपटला. त्याचा बाप म्हणजे माझेच सासरे, आणि त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

माझ्याकडे सकाळपासून फाइलीची जुनी प्रत उघडी होती. तिच्यातच क्रिकेटची ओळ बदलली आणि सेव्ह केली. शेठांची मॅच सुरू झाली. तरी राग उतरेना. साळ्याला समोरासमोर झापायला स्कूटर काढून दवनीवाड्याला गेलो.

घरी सासूबाई एकट्याच. बाकी सारे शाळेच्या गॅदरिंगला गेले होते. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं. खाट टीव्हीसमोर ओढलेली, अंगावर नवं लुगडं. टीव्हीवर कुठलासा जुना पिक्चर चालू होता.

"या जावईबापू," त्या पदर सावरत म्हणाल्या. "पोट्ट्यानं सांगतलं, नातीचा नाच टीव्हीवर दिसन. मंगापासून हेच लागून हाये. झाला असन का जी नाच?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साळ्यानं शाळेतला कॅमेरा आमच्या केबलच्या लोकल चॅनलला जोडला होता. ती ओळ माझ्या जुन्या प्रतीत नव्हती, मी सेव्ह करताच ती पुसली गेली होती.

"आई, मी पुसला तो," एवढंच तोंडातून निघालं. शरमेनं मान वर होईना. तेवढ्यात माझा फोन वाजून थांबला, पुन्हा वाजून थांबला. प्रोग्राम संपला होता आणि साळ्यानं फाइल सोडली होती.

थोड्या वेळानं अंगणात पैंजण वाजले. सासूबाईंनी घाईघाईनं टीव्ही बंद केला.

"आजी, मी दिसली का वो?"

"दिसली त. साऱ्यायत मस्त तूच नाचून राहिली होती."

"गोल फिरली तवा बी?"

"तवा बी." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "ह्या फुफाजीनं दाखवलं मले. पाया पड त्यायच्या."

साळा कॅमेरा घेऊन दारात उभा होता. पोरगी हसत वाकली. मी पाय मागे घ्यायला गेलो, तर मागे सासूबाईंची खाट होती.