खोलीतल्या लोकांनो

बायबलमधले संदेष्टे मी बी.ए.च्या मुलांना लिहायला लावून शिकवते. नुसतं समजावत बसलं की मागचे बाक झोपतात. त्या दिवशी म्हणाले, "संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं तेच तो मोठ्यानं बोलतो. तुम्ही तुमच्या माणसांसाठी तसं लिहा."

अजिंठ्याकडचा एक अबोल मुलगा वाचायला उभा राहिला. "ऐका, खोलीतल्या लोकांनो. तुमच्यातला एक जण जेवण सोडून बसलाय. भरतीसाठी घेतलेले बूट त्यानं देऊन टाकलेत. तुम्ही त्याला आळशी म्हणता. उद्या त्याची गादी रिकामी दिसल, तेव्हा हाक कुणाला माराल?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "हे खरं आहे का?"

"व्हय मॅडम. माझा रूममेट हाय. पोलीस भरतीत परत नापास झाला. त्याच्या भावाला फोन केला, तर म्हणला नाटकं करतो."

मी तास तिथंच सोडला. मुलाला स्कूटीवर मागं बसवून पडेगावला त्यांच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. आम्ही रूममेटला फोन लावला, तो आतच वाजला. मुलानं आपल्या किल्लीनं दार उघडलं. आत गादीवर नुसता फोन पडला होता.

मेस पाहिली, बसस्टँड पाहिलं. "मी आधीच बोलायला पाहिजे होतं," मुलगा सारखा म्हणत होता.

"बोललास ना," मी म्हणाले. त्यात काही जीव नव्हता.

ऊन कलताना रूममेट लष्कराच्या छावणीतल्या मैदानाच्या कडेला सापडला. अनवाणी. पळायचा सराव करणाऱ्या पोरांकडं बघत बसलेला. मुलगा त्याच्या शेजारी बसला.

"चल, खिचडी टाकतो."

"नको रे. लई थकलोय."

"बरं. मग इथंच बसू."

बऱ्याच वेळानं आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. 'नको' न म्हणता तो मागं मागं आला, त्याचीच मला जास्त भीती वाटली. भाऊ गावाहून आला तो चिडलेलाच. डॉक्टरांनी भावाला एकट्याला आत घेतलं. बाहेर आला तेव्हा भिंतीला धरून उभा राहिला.

रूममेट आता गावी आहे, गोळ्या चालू आहेत. मुलगा रोज माझ्या तासाआधी त्याला फोन लावतो. कधी पलीकडून नुसतं "हं" येतं. कधी रिंग वाजत राहते. त्या दिवशी मला शिकवता येत नाही.