गोलाला दार ठेवायचं राहून गेलं

आज खूप थकलेय, तरी तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली आहे. पहिली अक्षरं मला घरी त्यांनीच शिकवली. कोणाचा हात न धरता थोडं फिरावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी अंगणात तुळशीभोवती दोरीने गोल आखला आणि त्यावर उभ्या विटांचा काठ बसवला. काठी विटांना लागत राहील, म्हणजे ते चुकणार नाहीत, असं वाटलं.

आज संध्याकाळी आबा एकटे निघाले. मी भाकरी थापत होते. काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी उठू लागले तर आई म्हणाली, "राहू दे वं, मजेत फिरून राह्यले."

शेवटी आवाज थांबला आणि आबांनी विचारलं, "बाई, घर कुठी गेलं वं?"

गोल सगळीकडून सारखाच. काठीला दार कळणार कसं? ते कधीपासून दार शोधत होते, आणि हाक मारायला संकोचत होते.

मी लगेच दारासमोरच्या विटा उपसल्या आणि तिथून उंबऱ्यापर्यंत वळवत नेल्या. आबा पुन्हा निघाले. मी दारात उभी राहिले.

"तू आत जाय," ते म्हणाले. "तू उभी असली की मले तुह्या बांगड्यांवरून दार समजते, इटांवरून नाही."

मी आत आले. तुमच्याही घरी असं कोणी असेल तर सांगा, हे आत बसून राहणं तुम्हाला कसं जमतं?