वटपौर्णिमेचं सूत आणि आजोबांची गाडी

मुलांनो, आज सकाळी शेजारची सून सुताची गुंडी घेऊन वडाकडे निघाली आणि मला तुमच्या आजोबांची जुनी गाडी आठवली.

ती गाडी सतत डावीकडे ओढायची. एका वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घाट चढून पुण्याला माझ्या बहिणीकडे जायचं होतं. मी बजावलं, "चाकं सरळ झाल्याशिवाय मी बसणार नाही. डावीकडे दरी आली तर?"

पनवेलात काय गॅरेजं नव्हती? पण आजोबांनी अलाइनमेंट घरीच करायचं ठरवलं. माझं पूजेचं सूत त्यांनी गाडीभोवती ताणून बांधलं आणि सुतापासून चाकांच्या कडा पट्टीने मोजत, ग्रीसने माखून, ते अंगणात आडवे झाले.

तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन निघालेल्या समोरच्या वहिनी थबकल्या. "अगंबाई! यंदा वड सोडून गाडीलाच फेऱ्या?"

गाडीखालून आवाज आला, "वहिनी, हात लावू नका, माप बिघडेल!"

"हात कशाला लावू? लांबूनच नमस्कार करते!"

सूत काळंकुट्ट झालं आणि माझी पूजा राहिली. संध्याकाळी गाडी मात्र खरंच सरळ धावली. फक्त स्टिअरिंग तिरकं झालं होतं.

"गाडी सरळ जाते ना? मग स्टिअरिंगकडे कशाला बघतेस?" आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने बसले. घाट लागताच डोळे मिटून हात जोडले. सात जन्मांचं राहू दे, म्हटलं, लोणावळ्यापर्यंत तरी आमची सोबत टिकू दे.

लोणावळा आला, पुणंही आलं. आता एकटीला वाटतं, मागतच होते, तर आणखी थोडं पुढचं मागायला हवं होतं.