दिनूभाऊ ऐकतायत

तुम्ही कधी रेडिओला उत्तर दिलंय का? म्हणजे खरोखर, मोठ्यानं, घरात दुसरं कोणी नसताना?

हसू नका. आमच्या भागात पुष्कळ जण देतात. आमच्या छोट्या रेडिओ स्टेशनवर मी फोन घेते आणि ठरल्या वेळी रेकॉर्डिंग लावते, त्यामुळे ही माणसं येऊन आधी मलाच सांगतात. एक किस्सा विसरावा तर दुसरा दारात चपला काढून उभा! ऐकताना गंमत वाटते. घरी एकटी असले की तेवढी वाटत नाही.

सगळे किस्से दिनूभाऊंचे. दिनूभाऊ म्हणजे टीव्हीवर बायकांचे खेळ घ्यायचे ते. गावोगाव फिरायचे, सासवा-सुनांना हसवायचे आणि जिंकेल तिच्या हातात साडी ठेवायचे. मुंबईची दगदग नको झाली तसे ते नारायणगावात राहायला आले आणि आमच्या रेडिओवर दुपारचा प्रश्नांचा कार्यक्रम करू लागले.

त्यांची एक पद्धत होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. घरात ऐकणाऱ्यानं मोठ्यानं उत्तर द्यावं, एवढा वेळ पूर्ण गप्प. मग समोर कोणी बसल्यासारखं बोलायचं, "वा ताई!" नाहीतर "छे छे, जरा आठवा." बहुतेक वेळा हे सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं असायचं.

पहिल्याच दिवशी त्या शांततेत फोन सुरू झाले. रेडिओ बंद पडला का? आमचे इंजिनिअर गणेश धावत गच्चीवर जाऊन अँटेना बघून आले. खाली येऊन धापा टाकत म्हणाले, रेडिओवर गप्प बसायला ठेवलेला माणूस मी आजच बघितला.

भाऊ म्हणाले, "गप्प कुठं? मी ऐकतोय."

आम्ही हसलो. तेव्हा.

*

मढच्या राधाआजी एकट्या राहतात. एके दिवशी त्या एसटीनं स्टेशनवर आल्या, हातात नाचणीच्या पापडांची पिशवी. आल्या त्या सरळ भाऊंच्या समोर.

"माझ्या चुलीत डोकावतोस व्हय रं?"

झालं होतं असं. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात भाऊ प्रश्न विचारून गप्प बसले आणि मग म्हणाले, आजी, आधी दूध बघा. आजींनी वळून बघितलं तर दूध काठावर आलेलं.

भाऊंनी त्यांना समजावलं. दुपारची चहाची वेळ, कुठल्या ना कुठल्या आजीचं दूध चुलीवर असणारच, मी आपलं उगाच म्हटलं. आजी ऐकेनात. म्हणाल्या, मग माझं नाव कसं घेतलंस?

शेवटी मी रेकॉर्डिंग पुन्हा लावून दाखवलं. त्यात नुसतं 'आजी' होतं. राधाआजींनी ते नीट ऐकलं, पापड टेबलावर काढून ठेवले आणि रिकामी पिशवी घडी करत म्हणाल्या, "घरी येगळं ऐकू येतं."

*

तळेघरला भाऊंनी एकदा बायकांचा खेळ घेतला, अगदी टीव्हीवरच्यासारखा. मीही गेले होते, साड्या सांभाळायला. त्यातला एक खेळ असा: एकीचे डोळे बांधायचे, गर्दीतली कोणी तरी बोलणार, हिनं आवाजावरून ओळखायचं.

भागूबाईंचे डोळे बांधले होते. गर्दीत एक नवी नवरी होती, त्याच आठवड्यात गावात आलेली. भाऊंनी माईक तिच्यापुढं धरला. ती लाजत एवढंच म्हणाली, "वन्सं, च्या ठेवू का?"

भागूबाई लगेच म्हणाल्या, "ही आमची सखू."

 सखू म्हणजे भागूबाईंची भावजय. ती वारली त्याला वर्ष होत आलं होतं. भागूबाईंनी पट्टी सोडली नाही. तशाच बसून राहिल्या, मान त्या आवाजाकडं वळवून.

भाऊंचा माईकवाला हात खाली आला. त्यांनी बायकांना विचारलं, उत्तर चूक धरायचं का? मागून एक म्हातारी म्हणाली, "न्हाई. बरोबर हाये." बाकीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

साडी दिली. 

*

मग ओतूरकडचे बाळू आले, शेतकरी माणूस. आमच्याकडं उसात बिबट्या असतो हे काही नवीन नाही. बाळू खिशात मोबाइलवर रेडिओ लावून उसाच्या बांधानं चालले होते. भाऊंनी प्रश्न विचारला, शांतता झाली आणि मग आवाज आला, थांबा, हलू नका, विचार करा.

बाळू थांबले. का थांबले ते त्यांनाही सांगता येईना. पुढच्या वळणावर उसातून मादी बाहेर आली, मागं तिची पिल्लं. सगळी बांध ओलांडून पलीकडं गेली.

"तुमी थांबा म्हणला म्हणून थांबलो राव," बाळू म्हणाले. "न्हाईतर घरचे तेराव्याला बसले असते."

भाऊ त्यांच्याबरोबर हसले. ते गेल्यावर मला म्हणाले, ताई, तो भाग मागच्या आठवड्यात रेकॉर्ड केलेला ना? मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी शांतता बंद केली. प्रश्न, लगेच उत्तर, लगेच गाणं.

फोन सुरू झाले ते थांबेनात. भाऊ आता आमचं ऐकूनच घेत न्हाईत, अशी एकच तक्रार! शेवटी त्यांना पहिल्यासारखं गप्प बसावं लागलं. पण तेव्हापासून त्या शांततेत ते डोळे मिटून घ्यायचे.

*

पुढं भाऊंचा घसा बसला तो बसलाच. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ही गोष्ट भाऊंची बायको म्हणजे आमच्या वहिनी, गणेश आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होती. भाऊंची आई डिंभ्याला राहते, धरणाच्या पाण्याकडं तोंड असलेल्या घरात. तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिला सांगितलं की दिनू मुंबईला शूटिंगला गेलाय. रेडिओवर आम्ही जुने भाग लावायचो. ती रोज ऐकायची, रोज उत्तरं द्यायची.

दवाखान्यात जाण्याआधी भाऊ बसक्या आवाजात मला म्हणाले, "ताई, तिला मी दिसत नाही. मी म्हणजे तिला नुसता आवाज. तो गेल्याचं कळलं तर तिच्यापुरता मी उरतो कुठं?"

ऑपरेशनच्या दिवशी माझं मन लागेना. गणेशना रेकॉर्डिंग लावायला सांगून मी डिंभ्याला निघाले. घोडेगावच्या पुढं एसटी मिळाली नाही, जीपनं गेले. मावशींना, म्हणजे भाऊंच्या आईला, वाटलं, मी सहजच आलेय. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. कार्यक्रमाची वेळ झाली तशी त्यांनी रेडिओ जवळ ओढून घेतला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मावशींनी झटक्यात दिलं. भाऊ म्हणाले, वा! मावशी माझ्याकडं तोंड वळवून हसल्या.

दुसरा प्रश्न झाला. शांतता सुरू झाली.  तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मावशींनी रेडिओवर हात ठेवला.

"दिन्या, लई दुखतंय का रं?"

 ऑपरेशनबद्दल मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

रेडिओतून भाऊंचा आवाज आला, "नाही. आता नाही."

तो भाग मला पाठ होता. त्या 'आता नाही'च्या पुढं 'उत्तर गाण्यानंतर सांगतो' असं वाक्य होतं. ते आलं आणि गाणं सुरू झालं. मी मनाशी म्हटलं, बाई, हे जुनं रेकॉर्डिंग आहे.

मावशी मान हलवत होत्या. मला म्हणाल्या, ल्हानपणापासून असाच हाये, दुखलं तरी सांगत न्हाई. मग रेडिओकडं वाकून हळूच म्हणाल्या, "खरं सांग."

गाणं चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा पुण्याहून फोन आला. भाऊ शुद्धीवर आले होते. नर्सनं हातात पाटी दिली, तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं: आईला सांगा, खरंच दुखत नाही.