चटणीच्या पुड्यांवरच्या रेघा

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते चटणीच्या पुड्यांना लेबलं लावायचं. मी छपाईच्या यंत्रातून काढायचो, ती सोलून चिकटवायची. मसाल्याच्या डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी, चाळीस पुड्या. बेळगावच्या दुकानानं आदला माल परत धाडलेला. लेबलावरच्या बारकोडच्या रेघा त्यांचं मशीन वाचत नव्हतं. परत असं झालं तर माल घेणार नाही म्हणून बजावलं होतं. ते दुकान तिनं स्वतः एसटीनं चारदा जाऊन मिळवलेलं.

मी चौथी शिकलेला. जन्मभर निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या पोत्यांवर मार्का मारला. तिथं रंग दाट तेवढा मार्का चांगला. म्हणून यंत्राचा डार्कनेस मी पार शेवटाला, पंधरावर नेला.

"अवो, कमी करा की. रेघांत रेघा शिरल्यात."

"काळं दिसतंय न्हवं? मग वाचंल."

"तंबाखूचं पोतं न्हाय हे. आठवर आणा, कागद सावकाश सोडा. तुमास्नी सांगती म्हणून मीच खुळी."

"गप लाव गं."

ती गप लावत बसली. चाळीसच्या चाळीस. दुपारी पाणी प्यायला उठली आणि मोरीपाशी पडली. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं. दिवस मावळायच्या आत जाळून आलो. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते, 'गप लाव गं'.

सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी यंत्रापुढं बसलो. बहीण म्हणाली, "अण्णा, सुतक हाय. खायच्या जिनसेला हात लावू नगंस. आन् ह्यो माल आता घेणार कोण?"

"कुणी घेऊ नगा."

डार्कनेस आठवर आणला. वेग सगळ्यात कमी केला. एक लेबल काढलं आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. सुतकात आत जाऊ नये, पायरीखाली उभा राहिलो.

"हे वाचतंय का बघ."

"काका, आज कशाला?"

"बघ म्हटलं न्हवं."

दुकानदार पायरी उतरून आला, माझ्या हातातनं लेबल घेतलं. मशीन धरल्या धरल्या वाजलं. "वाचलं की, काका." लेबल परत घेऊन मी माघारी फिरलो.

घरी येऊन काळी लेबलं नखानं खरवडायला घेतली. तिनं कोपरे दाबून दाबून लावलेली, निघेनात. एक पुडी फाटली. पुढची घेतली.