भरलेल्या पैशांची वाइन

माझ्या मुलाला वाइनची आवड लागली ती नोकरीत. चंदीगडच्या आयटी पार्कमधल्या त्याच्या कंपनीत परदेशातून माणसं आली की मोठ्या हॉटेलात जेवणं व्हायची, आणि तिथे तो हळूहळू चवी ओळखायला शिकला होता. घरी मात्र त्याने कधी बाटली आणली नाही. आईवडिलांसमोर नको, एवढाच त्याचा विचार होता. घरात बाटली का नको, याचं खरं कारण त्याला ठाऊकच नव्हतं.

आम्ही मूळचे अकोल्याचे. यांची केंद्र सरकारात हिशेब तपासणीची नोकरी. बदली होऊन चंदीगडला आलो तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. तो इथेच वाढला, त्यामुळे मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत येतं. बारावीनंतर तो इंजिनीअरिंगला पुण्याला गेला, आणि त्याच चार वर्षांत यांचं पिणं वाढलं. आधी ऑफिसातल्या मंडळींबरोबर शनिवारी, मग रोज, मग एकट्याने. एक दिवस बेसिनमध्ये रक्ताची उलटी झाली. शेजारच्या सरदारजींनी गाडी काढली म्हणून आम्ही वेळेवर हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरांनी यांना स्पष्ट सांगितलं की यापुढे एक घोटही घ्यायचा नाही.

यांनी खरोखरच सोडली. संध्याकाळ अवघड जायची, म्हणून हे रोज पिशवी घेऊन सेक्टर बावीसच्या बाजारात चालत जायचे. घरात भाजी असली तरी आणायचे. आमच्या फ्रिजमध्ये मुळे आणि मेथी कधी संपली नाही. मुलाला यातलं काही सांगायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली होती. "त्याच्या मनात मी जसा आहे तसा राहू दे," म्हणाले. मी तसंच केलं.

मुलाला बढती मिळाली त्या वर्षी त्याने आम्हाला सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. तिकिटं काढून आला, तेव्हा हे सोफ्यावर बसून मटार सोलत होते.

"ड्रिंक्स पॅकेज भी ले लिया, जितना चाहे पियो. तीनों का," तो म्हणाला.

"आम्हाला कशाला?" मी विचारलं.

"आई, रूल है. एक कमरे में एक ने लिया तो सबको लेना पडता है. नहीं तो एक के नाम पे तीनों पी लेंगे ना. और वहां एक एक ग्लास का रेट देखोगी तो कहोगी पॅकेज ही ठीक था."

यांचा हात थांबला नाही. एक शेंग उघडली, दाणे ताटात पडले, दुसरी घेतली. मुलगा आंघोळीला गेल्यावर मी जवळ जाऊन बसले.

"अहो, आता तरी सांगू का त्याला?"

"कशाला? त्याने किती हौसेने केलंय. सरबत पण असेल ना त्यात. आपण सरबत पिऊ."

जहाजावर पहिल्या संध्याकाळी आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. जेवणाचं कार्ड एका पानाचं आणि वाइनचं पुस्तकच होतं. चिली, ऑस्ट्रेलिया, इटली, फ्रान्स. आधी हलक्या वाइन, पुढे जड. प्रत्येकीसमोर ग्लासचा भाव आणि बाटलीचा भाव. मुलाने समजावून सांगितलं की पंधरा डॉलरपर्यंतचा कुठलाही ग्लास आपल्या पॅकेजमध्ये आहे. त्यावरचा घेतला तर फरक भरायचा, वर सेवेचे पैसे वेगळे. त्याने लाल वाइन मागवली, मी संत्र्याचा रस आणि यांनी लिंबू सोडा.

पण ते पुस्तक यांनी परत दिलं नाही. ऑफिसची फाइल वाचावी तसं वाचत राहिले, बोट उजवीकडच्या आकड्यांवरून खाली सरकत होतं.

"ही बाटली चाळीस डॉलर? हिचीच किंमत चंदीगडला..." एवढं बोलून ते थांबले.

मुलाचं लक्ष नव्हतं, तो खिडकीतून बंदराचे दिवे बघत होता.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा वाइनची व्यवस्था बघणारी बाई टेबलाशी आली. मध्यम वयाची, गोव्याची होती, आम्ही मराठी बोलताना ऐकून तिने कोकणीत चार शब्द टाकले. आम्हालाही बरं वाटलं. तिने तिघांसमोर उंच दांड्याचे ग्लास मांडले.

"पप्पा, पेड है ऑलरेडी," मुलगा म्हणाला. "एक तो लो मेरे साथ. मुझे अच्छा लगेगा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, अगदी थोडी, मुलाला दिसणार नाही अशी.

"अगं, वाइन आहे," हे म्हणाले. "दारू कुठे आहे ही?"

मग यांनी त्या बाईला नीट प्रश्न विचारले. कुठल्या देशाची, तुरट की गोडसर, माशाबरोबर कुठली. तिने दोन नावं सुचवली, यांनी पुन्हा पुस्तक उघडून दोन्हींचे भाव पाहिले आणि पंधरा डॉलरच्या आत बसणारी, पण त्यातली सर्वांत महागडी निवडली. पैसे भरलेत तर पुरते वसूल व्हावेत, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. लग्नाच्या जेवणातही ते पानात काही टाकत नाहीत.

पहिला ग्लास यांनी फार सावकाश घेतला. आणि मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हे बोलायला लागले.

आमच्या घरात बापलेकांचं बोलणं म्हणजे गाडीची सर्व्हिसिंग आणि विजेचं बिल. त्या दिवशी यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट काढली. चंद्रपूरकडच्या एका सरकारी दवाखान्याची तपासणी होती. औषधांच्या कोठीला कुलूप, आणि किल्लीवाला काही सापडेना. शेवटी कुलूप तोडलं तर आत फडताळांमध्ये कोंबड्या. तेवढ्यात किल्लीवाला उगवला आणि त्याने हात जोडून सगळ्यांना ऑम्लेट करून घातलं. "आम्ही खाल्लं," हे म्हणाले, "आणि मग त्याच्यावर आक्षेप लिहिला." मुलगा इतका हसला की त्याला ग्लास खाली ठेवावा लागला. "पप्पा, ये आपने कभी बताया क्यों नहीं?" तो परत परत विचारत होता. हे दुसरी गोष्ट सांगत होते, ती बाई ग्लास भरत होती. मीही हसले. माझा मुलगा तीस वर्षांचा होऊन पहिल्यांदा आपल्या बापाला भेटत होता, आणि ते थांबवायला माझं तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी जहाज पूर्ण दिवस समुद्रातच होतं. दुपारी जेवून मी जरा पडले. हे "फेरी मारून येतो" म्हणून गेले होते. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी शोधायला निघाले. पोहण्याच्या तलावाशेजारी एक छोटा बार होता, तिथे उंच स्टुलावर हे पाठमोरे बसले होते. पाठीवरूनच मला कळलं. त्या चार वर्षांत मी ती पाठ रोज पाहिली होती, खांदे असे पुढे आलेले, मान आत गेलेली.

"दुपारची पांढरी घ्यायची असते," मला पाहून हे म्हणाले. "त्या गोव्याच्या बाईने सांगितलं."

"ही कितवी?"

"मोजायचं काय त्यात? पैसे तर भरलेत."

डोळे तांबारले होते. मी हाताला धरून उठवायला गेले तर त्यांनी हात शांतपणे सोडवून घेतला, जसा एखाद्या अनोळखी माणसाच्या हातातून सोडवावा.

मुलगा वरच्या डेकवर कठड्याशी उभा होता. वारा खूप होता, मला मोठ्याने बोलावं लागलं, आणि असल्या गोष्टी मोठ्याने सांगणं किती वाईट असतं. रक्ताची उलटी, हॉस्पिटल, रोजची भाजी, सगळं सांगितलं.

"कब की बात है?"

"तू पुण्याला होतास तेव्हाची."

"और मुझे किसी ने बताया नहीं."

"त्यांनी नको म्हटलं होतं."

तो खाली चौकशीच्या काउंटरवर गेला, मी मागोमाग. तिथल्या मुलीने सभ्यपणे ऐकून घेतलं. पॅकेज सुरू झाल्यावर रद्द होत नाही, ती म्हणाली. मात्र प्रवाशाने स्वतः येऊन सांगितलं तर त्याच्या कार्डावर मद्य द्यायचं बंद करता येईल. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही.

हे खोलीत येऊन पलंगावर बसले होते. मुलगा समोर खुर्चीवर बसला. "पप्पा, आई ने बताया मुझे."

हे त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगितलंस तर." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग उठले, चपला घातल्या आणि मुलाबरोबर काउंटरवर जाऊन कार्ड बंद करून आले.

त्या संध्याकाळी तिघांनीही पाणी मागवलं. गोव्याच्या बाईला वाटलं, आदल्या दिवशीची वाइन पसंत पडली नाही. तिने आपुलकीने दुसरी सुचवली. "नो, थँक यू," मुलगा म्हणाला. यांनी वाइनचं पुस्तक न उघडताच परत दिलं. कोंबड्यांची गोष्ट सांगणारा माणूस पुन्हा कुठे दिसला नाही. उरलेले दिवस आम्ही बेटं पाहिली, फोटो काढले. फोटोंत आम्ही तिघंही बरे दिसतो.

चंदीगडला परतल्यावर हे पुन्हा पिशवी घेऊन बाजारात जायला लागले. मला वाटलं, सुटलो. थोड्या दिवसांनी पिशवीतून मुळ्यांबरोबर एक बाटली निघाली. लपवलेली नव्हती. यांनी ती जेवणाच्या टेबलावर उभी ठेवली.

"जहाजावर होती तीच," म्हणाले. "ठेक्यावर मिळाली. तिथे दोन ग्लासांना जेवढे लागतात, तेवढ्यात इथे अख्खी बाटली."

चंदीगडमध्ये दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात, आणि इथली दारू स्वस्त म्हणून शेजारच्या राज्यांतून माणसं येतात. प्रत्येक बाजाराच्या टोकाला एक ठेका असतोच. इतकी वर्षं हे रोज त्याच्यासमोरून भाजीला गेले आणि आले, एकदाही थांबले नव्हते.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"दारूबद्दल म्हणाले होते. आणि भाव तर बघ."

सुरुवातीला ते निवड करायचे. बाटली फिरवून कागद वाचायचे, द्राक्ष कुठलं, देश कुठला, ठेक्यावरूनच मुलाला ऑफिसात फोन करून विचारायचेसुद्धा. मुलगा फोनवर रडवेला व्हायचा, विनवायचा. थंडी सुरू झाली, धुक्यात समोरचा ब्लॉक दिसेनासा झाला, तोवर देशाचं नाव वाचणं बंद झालं होतं. मग वाइन गेली आणि व्हिस्की आली, आणि नंतर ठेक्यावर जी सर्वांत स्वस्त असेल ती.

फेब्रुवारीत पुन्हा हॉस्पिटल. या वेळी मुलगा होता, त्यानेच उचलून गाडीत घातलं. यकृत आता फारसं काही सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. बाहेर गाडीत बसलो असताना मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "आई, उस दिन पप्पा कितना अच्छा बोल रहे थे. मुझे बस उतना ही चाहिये था."

"मलाही," मी म्हटलं.

त्याने स्वतःची वाइन सोडून दिली आहे. कंपनीच्या जेवणात तो पाणी घेतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. बापाशी तो प्रेमाने वागतो, औषधं आणतो, दाढी करून देतो. बोलणं परत गाडी आणि विजेच्या बिलावर आलंय.

मी आता दर शनिवारी, ज्यांच्या घरात पिणारं माणूस आहे अशा बायकांच्या बैठकीला जाते. एका शाळेची खोली आहे, छोटे बाक, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. सगळ्या हिंदीत आणि पंजाबीत बोलतात, मी ऐकते. पहिल्या दिवशी मी एवढंच म्हटलं की यांची सुटलेली पुन्हा सुरू झाली, तेव्हा शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हारे वाले की कहां से शुरू हुई दोबारा?"

"जहाजावर," मी म्हटलं. "वाइनने."

मला वाटलं होतं त्या हसतील, किंवा श्रीमंतांची दुखणी म्हणतील. त्यांनी नुसती मान हलवली. "मेरे वाले की, साली की शादी में. बियर से," त्या म्हणाल्या, आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे धरला.

मी घरी आले तेव्हा हे गॅलरीत उन्हात शाल घेऊन बसले होते. जागे होते. मी दारातूनच हवा हुंगली, आता ती सवयच झाली आहे. वास नव्हता. मी आत जाऊन कुकर लावला.