टाके न दिसणारं ऑपरेशन

आईचं पोट उभं फाडलं असतं, तर ती कदाचित आज जिवंत असती.

फाडलं नाही, म्हणून कोणाला काही वाटलंच नाही.

पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी जांघेतून आत नळी सरकवली आणि फुटलेल्या जागी आतून अस्तर बसवलं. आई वाचली. बाहेर दोन्ही बाजूंना नखाएवढ्या खुणा.

आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात दुखणं टाक्यांवर मोजतात.

आत्या शहाळं घेऊन भेटायला आली.

"बघू वहिनी, कुठे चिरलं?"

आईने लाजत दाखवलं.

"एवढंच? माझं सीझर बघायला हवं होतंस!"

सगळे हसले. आईसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून ती ओट्याशी उभी. बाबांना पोळी तव्यावरचीच लागते ना.

डॉक्टरांनी बजावलेलं, "महिन्याने स्कॅन चुकवू नका. अस्तराच्या कडेने रक्त झिरपत असेल तर बाहेरून कळत नाही."

नेमकं स्कॅनच्याच दिवशी बाबांनी आत्याच्या मुलाचं केळवण ठरवलं. आमच्याच घरी.

मी घोडबंदरहून, माझ्या सासरहून, बाबांशी फोनवर भांडले.

"स्कॅन कुठे पळून जातोय? पुढच्या आठवड्यात करू. ठणठणीत आहे ती."

"मग जेवण तरी बाहेरून मागवा, बाबा."

"केळवणाला बाहेरचं? लोक काय म्हणतील?"

मी सुट्टी टाकून पोचले तेव्हा आई पुरणपोळ्या भाजत होती. एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक.

"सकाळपासून कंबर भरून आल्ये गं."

"आई, गॅस बंद कर. आत्ताच्या आत्ता निघायचं."

"पंगत बसल्ये. तेवढी उरकू दे."

"ॲसिडिटी असेल," आत्या ताटावरूनच म्हणाली.

आई ओट्याला धरून खाली बसली ती उठलीच नाही. बाहेरून बाबांची हाक आली, "अगं, तूप आण!"

गाडी ठाण्याला पोचायच्या आत ती गेली.

आज वर्ष झालं. आत्याने सकाळीच घरच्यांच्या ग्रुपवर आईचा हार घातलेला फोटो टाकलाय. "वहिनी अचानक गेली. शेवटपर्यंत हसतमुखाने काम करत होती." खाली बाबांचे जोडलेले हात.

काम करत होती, हे खरं आहे.

अचानक मात्र गेली नाही. ती जात होती आणि तुम्ही जेवत होतात.

आई, तुझं दुखणं खरं होतं.

नमस्कार करते.